शर्टाच्या बटनात कॅमेरा लावायच्या आधी

पत्रकारितेत नवीन आलेल्या मुलामुलींचे मेसेज येतात ना, त्यात एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम, बटन कॅमेरा घेऊ की पेनवाला. दर वेळी मला वाटतं की सुरुवातच उलटीकडून झालीय. कॅमेरा हा या सगळ्यातला सर्वात सोपा भाग आहे, ऑनलाइन मागवला की घरी येतो आणि अर्ध्या तासात चालवायला जमतो. अवघड आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. कुणावर लावायचा, कुठे लावायचाच नाही, आत गेल्यावर तोंडातून कुठले शब्द काढायचे, आणि जे शूट झालं त्यातलं लोकांना काय दाखवायचं. मी काही स्टिंग, म्हणजे छुप्या कॅमेऱ्याने ओळख लपवून केलेली शूट, केली आहेत, त्यातलं एक माझ्याकडून चुकलंय, ते पुढे सांगते. कायदा इथे पत्रकाराला लागतो तेवढाच सांगणार आहे आणि तो भारतातला. प्रत्यक्ष स्टोरी करताना वकील बरोबर घ्याच, आणि तो शूटच्या आधी घ्या, स्टोरी चालवायच्या आदल्या रात्री नाही.

आपण गेलोच नसतो तरी हे घडलं असतं का

हा प्रश्न कागदावर लिहा आणि उत्तर पण लिहा. माझ्या मते छुप्या कॅमेऱ्याची सगळी नैतिकता या एका प्रश्नावर उभी आहे आणि गंमत म्हणजे कोर्टात गेलं तरी फिरून फिरून गाडी तिथेच येते.

म्हणजे बघा, एका ऑफिसात दाखल्यासाठी पैसे घेतात अशी तुमच्याकडे चार-पाच जणांची तक्रार आलीय. तुम्ही अर्ज घेऊन टेबलापाशी जाता. "साहेब, दाखला कधी मिळेल?" तो म्हणतो पंधरा दिवस. तुम्ही म्हणता, "जरा लवकर पाहिजे होता." तो वर न बघता म्हणतो, "लवकर पाहिजे तर मग बघावं लागेल." तुम्ही विचारता, "म्हणजे काय करावं लागेल?" आणि गप्प बसता. हे गप्प बसणं फार अवघड असतं, छातीत धडधडत असतं, शांतता खायला उठते आणि आपणच काहीतरी बोलून टाकावं असं होतं. पण नाही बोलायचं. त्याने आकडा काढला तर तो आकडा त्याचा आहे, त्याच्या सवयीतून आलेला आहे, तुमच्या आधी आलेल्या माणसालाही तोच सांगितला असणार.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेने. तुम्ही टेबलापाशी जाऊन म्हणता, "साहेब, काहीतरी घ्या पण आजच करून द्या, सगळेच देतात, घरी आजारी माणूस आहे हो." तो दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा तुम्ही पाकीट पुढे सरकवता आणि तो घेतो. फुटेज दोन्हीकडे सारखंच दिसेल, हात पुढे आला, पाकीट खिशात गेलं. पण दुसऱ्यात गुन्हा तुम्ही तयार केलाय, दाखवलेला नाही. हा फरक एडिटमध्ये पुसता येतो, आणि म्हणूनच तो फार जपायचा.

हे पुसलं की काय होतं त्याचं भारतातलं सगळ्यात वाईट उदाहरण २००७ चं आहे. दिल्लीतल्या एका सरकारी शाळेतल्या शिक्षिका विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायात ढकलतात असं स्टिंग लाइव्ह इंडिया चॅनलने ऑगस्टमध्ये दाखवलं. शाळेबाहेर जमाव जमला, त्या बाईंना मारहाण झाली, कपडे फाडले, नोकरी गेली, अटक झाली. नंतर तपासात निघालं की स्टिंगमधली 'विद्यार्थिनी' ही विद्यार्थिनी नव्हतीच, पत्रकारितेत यायची इच्छा असलेली एक मुलगी होती आणि शिक्षिकेविरुद्ध पुरावाच नव्हता. रिपोर्टरला अटक झाली, सरकारने चॅनल एक महिना बंद ठेवलं. दिल्ली हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर २००७ च्या निकालात साफ सांगितलं की जो माणूस एरवी तो गुन्हा करणार नव्हता त्याला आमिष दाखवून करायला लावायचं आणि मग ते दाखवायचं, हे चालणार नाही. चॅनल महिन्याभराने परत सुरू झालं. त्या बाईंचे रस्त्यावर फाटलेले कपडे मात्र सगळ्या देशाने टीव्हीवर बघितले होते, ते कुठला निकाल मागे घेणार.

दुसरा रस्ता खरंच नाहीये का

न्यूज चॅनलांची जी संघटना आहे, एनबीडीए, तिच्या नियमांमध्ये स्टिंग हा शेवटचा उपाय म्हटलाय. आपल्याकडे बऱ्याचदा तो पहिला असतो कारण त्यात थरार आहे. माझी पद्धत अशी की आधी एक पान लिहायचं: माहिती अधिकारात काय मागितलं, काय आलं, कुठले कागद हातात आहेत, कोण नावानिशी बोलायला तयार आहे, उघडा कॅमेरा घेऊन विचारलं तर काय झालं. हे सगळं करून झाल्यावर जो तुकडा हाती लागत नाही तेवढ्यापुरताच छुपा कॅमेरा. कित्येकदा हे पान लिहिता लिहिताच कळतं की स्टोरी कागदांवरच उभी राहतेय, स्टिंगची गरजच नाही, आणि अशी स्टोरी जास्त टिकते कारण कागदाला कुणी 'तोडून-मोडून दाखवलं' म्हणू शकत नाही.

आणि 'काहीतरी सापडेल' म्हणून कॅमेरा लावून फिरणं, ते तर नाहीच. आधी ठोस तक्रार, मग कॅमेरा.

सार्वजनिक हित म्हणजे लोकांना बघायला आवडेल ते, असा एक गोड गैरसमज आहे. कुणाचं अफेअर आहे, कोण कुठल्या हॉटेलात गेलं, हे लोक डोळे फाडून बघतील, पण त्याने कुणाचं काय अडलंय? ज्याच्यामुळे लोकांचा जीव, पैसा, हक्क किंवा मत यांच्यावर परिणाम होतो ते सार्वजनिक हित. एका वाक्यात लिहून बघा की ही गोष्ट लपून राहिली तर कुणाचं काय नुकसान होणार आहे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर ती स्टोरी सोडा.

कायदा कुठे अडवतो

भारतात 'स्टिंग कायदा' असा वेगळा कायदा नाही. स्टिंग करणाऱ्या पत्रकाराला वेगळं संरक्षण पण नाही, घटनेत अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे ते सगळ्या नागरिकांना सारखंच. त्यामुळे कायदे तुकड्या-तुकड्यांत बघावे लागतात.

खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. पण त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, ऑटो शंकर नावाच्या फाशीच्या कैद्याच्या आत्मकथेवरून जो राजगोपाल खटला झाला तो पत्रकारांनी जास्त लक्षात ठेवावा असा आहे. त्यात कोर्ट म्हणालं की माणसाला एकटं सोडलं जाण्याचा हक्क आहे, त्याचं घर, कुटुंब, लग्न, मुलंबाळं यावर त्याच्या परवानगीशिवाय लिहू नका. पण सरकारी अधिकारी आपलं सरकारी काम करताना जे वागतो त्याबद्दल त्याला हा बचाव घेता येत नाही, अपवाद एवढाच की पत्रकाराने खरं-खोटं न बघता धडधडीत खोटं छापलं असेल. यावरून मी एक साधी रेघ मारते. खुर्चीतला माणूस आणि घरातला माणूस वेगळे. तोच क्लार्क टेबलावर बसून पैसे मागतो ते दाखवायचं, तोच संध्याकाळी घरी बायकोशी भांडतो तिथे कॅमेरा न्यायचा नाही, भले भांडणात तो पैशांचंच बोलत असेल.

काही ठिकाणी तर विचार करायचाच नाही. बाथरूम, कपडे बदलायची जागा, हॉस्पिटलमधली तपासणीची खोली, बेडरूम. आयटी कायद्याचं कलम ६६ई म्हणतं की कुणाच्याही, बाई असो वा पुरुष, शरीराच्या खासगी भागाचं चित्र परवानगीशिवाय टिपलं किंवा पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, कलम ७७ आहे, बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं किंवा शूट करणं, पहिल्या वेळीच एक ते तीन वर्षं. 'मी पत्रकार आहे' हे तिथे उत्तर नाही. लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ म्हणतं की मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरचे, शेजार, ज्याने ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा. पॉक्सोत तर कर्मचाऱ्याने चूक केली तरी प्रकाशक किंवा मालक सुटत नाही.

आवाजाचं वेगळं आहे आणि इथे बरेच जण गोंधळतात. ज्या बोलण्यात तुम्ही स्वतः सामील आहात ते रेकॉर्ड करणं आणि दोन तिऱ्हाइतांचं बोलणं चोरून ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९७२ च्या मलकानी खटल्यात, ते मुंबईच्या कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाचेचं प्रकरण होतं, फोनवरचं बोलणं एका बाजूच्या संमतीने टेप केलेलं होतं आणि सुप्रीम कोर्टाने ते पुरावा म्हणून चालवून घेतलं. पण रेकॉर्डर टेबलाखाली चिकटवून आपण निघून जायचं, किंवा दुसऱ्याचा फोन टॅप करायचा, हे गुन्ह्याच्या वाटेला लागणं आहे. नियम सोपा ठेवा, तुम्ही खोलीतून बाहेर पडलात की तुमचा कॅमेरा पण बाहेर पडला पाहिजे. अमेरिकेत तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी बोलण्यासाठी सगळ्यांचीच संमती लागते, त्यामुळे बाहेरच्या देशातला माणूस फोनवर असेल तर आधी वकिलाला विचारा.

खोटी ओळख सांगण्याबद्दल. ग्राहक म्हणून, अर्जदार म्हणून जाणं वेगळं आणि पोलीस, इन्कम टॅक्स ऑफिसर, इन्स्पेक्टर म्हणून जाणं वेगळं. सरकारी नोकर असल्याचं सोंग हा सरळ गुन्हा आहे, ते कधीच करू नका. खोटा बायोडेटा देऊन नोकरीला लागणं हे मधलं प्रकरण, त्याचा धडा अमेरिकेत मिळाला. १९९२ मध्ये एबीसी चॅनलच्या दोन रिपोर्टर खोट्या माहितीवर फूड लायन नावाच्या सुपरमार्केट साखळीत नोकरीला लागल्या, विगमध्ये कॅमेरा लपवून शिळं मांस कसं विकतात ते शूट केलं. कंपनीने दावा लावला तो बदनामीचा नाही तर अतिक्रमणाचा आणि मालकाशी बेइमानीचा. ज्युरीने ५५ लाख डॉलरची दंडात्मक भरपाई ठरवली, ती कमी होत होत १९९९ मध्ये अपील कोर्टात फक्त २ डॉलरवर आली. पण मधली कोर्टकचेरी बघा, आणि लक्षात घ्या की बातमी खोटी आहे असा तो खटलाच नव्हता, आत कसे शिरलात यावर सगळं चाललं. मोठ्या चॅनलला झेपतं, तुमच्या-आमच्यासारख्या फ्रीलान्सरला पहिल्याच नोटिशीत घाम फुटतो.

नवा डेटा प्रायव्हसी कायदा, २०२३ चा, त्याच्याकडेही लक्ष ठेवा. २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात पत्रकारितेसाठी सूट होती, पास झालेल्या कायद्यात ती नाही. तुमच्या हार्ड डिस्कवरचं लोकांच्या चेहऱ्यांचं फुटेज हा वैयक्तिक डेटाच आहे. मला ही सूट काढणं चुकीचं वाटतं आणि पत्रकारांनी ती मागत राहायला हवी. तोपर्यंत फुटेज सांभाळताना घरच्या दागिन्यांसारखं सांभाळा.

पैसे देण्याचा प्रसंग आला तर

लाच देणं हाही गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आली. त्यात दोन वाटा ठेवल्या आहेत. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचं, किंवा आधीच यंत्रणेला सांगून त्यांना मदत म्हणून द्यायची, म्हणजे आपला तो अँटी करप्शनचा सापळा. पत्रकार स्वतःच्या डोक्याने पैसे देऊन आला आणि महिन्याने बातमी चालवली तर तो या दोन्ही वाटांवर नाही.

लोक लगेच २००५ चं सांगतात. कोब्रापोस्ट या न्यूज वेबसाइटने खासदार संसदेत प्रश्न विचारायला पैसे घेतात हे दाखवलं, १२ डिसेंबरला आज तकवर चाललं आणि २३ डिसेंबरला ११ खासदारांची हकालपट्टी झाली, लोकसभेतले १० आणि राज्यसभेतला १. पत्रकारांवरही गुन्हा लागला होता, तो २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टाने रद्द केला, भ्रष्टाचार उघड करणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे असं म्हणत. हा निकाल वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. पण थांबा, त्याच्यापुढे २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा रजत प्रसाद खटला आहे. एका केंद्रीय राज्यमंत्र्याचा पैसे घेतानाचा व्हिडिओ २००३ मध्ये बाहेर आला होता आणि तो राजकीय विरोधकाच्या फायद्यासाठी बनवल्याचा आरोप होता. स्टिंग करणारे म्हणाले आम्ही जनहितासाठी केलं, आमच्यावरचा खटला काढा. कोर्टाने काढला नाही. जनहित असं नुसतं म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही, तुमचा हेतू काय होता हे खटल्यात सिद्ध करा, असं सांगितलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पैसे मागितल्याचं रेकॉर्ड झालं ना, बास. मागणी हीच बातमी आहे. पाकीट देण्याचा शॉट टीव्हीला चांगला दिसतो म्हणून स्वतःला आरोपी करून घेऊ नका. आणि हेतू सिद्ध करायची वेळ आली तर सुरुवातीला लिहिलेलं ते पान, तारखेसकट, संपादकाच्या सहीसकट, तेच कामाला येतं.

पैशांसारखंच दारू आणि बाई. २००१ मध्ये तहलका या न्यूज वेबसाइटने संरक्षण खात्यातली दलाली बाहेर काढली, सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष एक लाख रुपये घेताना दिसले, ११ वर्षांनी त्यांना चार वर्षांची शिक्षा पण झाली. एवढं मोठं काम, पण त्यात काही अधिकाऱ्यांसाठी वेश्या पुरवल्याचं बाहेर आलं आणि त्याचा डाग त्या कामावर कायमचा बसला. त्या बायका कोण होत्या, त्यांना काय वाटलं, हे कुणी विचारलं? माणूस हे आमिष म्हणून वापरायचं नाही, याला अपवाद नाही.

रांगेतली आजी

आता माझी चूक. एका ऑफिसातलं शूट होतं, पर्सच्या बंदाला कॅमेरा होता, मी टेबलापाशी उभी आणि माझ्या पुढे रांगेत एक आजी. तिच्याकडून त्या माणसाने पैसे घेतले, तिने कनवटीच्या गाठीतून चुरगळलेल्या नोटा काढून दिल्या, हात थरथरत होता. एवढा ताकदीचा शॉट मला त्याच्या आधी आणि नंतर मिळाला नाही. आम्ही तिचा चेहरा ब्लर केला आणि चालवला. आवाज तसाच ठेवला, कारण ती जे बोलली ते ऐकताना गलबलून येत होतं.

आठवड्याने तिचा नातू मला शोधत आला. गावात सगळ्यांनी ओळखलं होतं, आवाजावरून, हातावरच्या गोंदणावरून, त्या ठिगळ लावलेल्या पिशवीवरून. आता लोक म्हणत होते म्हातारीने लाच दिली, हिच्यामुळे ऑफिसातली कामं अडली, आणि तिचं स्वतःचं काम तर अडलंच. नातू भांडला नाही. "मॅडम, तिला एकदा विचारलं असतं तर," एवढंच म्हणाला. विचारायला मला पाच मिनिटं लागली असती, ती ऑफिसच्या बाहेर पायरीवर बसलेलीच होती.

तेव्हापासून ब्लर हा शब्द मी वेगळा समजते. चेहरा हा ओळखीचा एक भाग आहे. आवाज, चाल, गोंदण, अंगठी, चप्पल, मागची भिंत, बोलण्यातला गावाचा हेल, गाडीचा नंबर, भिंतीवरचं कॅलेंडर ज्यावर शाळेचं नाव छापलंय, हे सगळं ओळखच. एडिट झाल्यावर आवाज बंद करून एकदा बघा, मग डोळे मिटून फक्त आवाज ऐका, आणि मग त्या भागातल्या एखाद्या विश्वासू माणसाला दाखवून विचारा की ओळखू येतंय का. हलका ब्लर वापरू नका, काळा चौकोन टाका, आणि आवाज नुसता जाड-बारीक करण्यापेक्षा दुसऱ्याकडून बोलून घ्या. ज्यांचा बातमीशी संबंध नाही त्यांना शक्यतो कापूनच टाका. ज्यांच्यावर अन्याय होतोय ते दिसणार असतील तर बाहेर पडल्यावर त्यांना गाठा, ओळख सांगा, विचारा. नाही म्हणाले तर नाही.

२०१७ मध्ये लष्करातल्या सहायक पद्धतीवर, म्हणजे जवानांना साहेबांच्या घरची कामं करायला लावतात त्यावर, एका महिला पत्रकाराने नाशिकजवळच्या देवळालीत छुप्या कॅमेऱ्याने स्टोरी केली होती. जवानांचे चेहरे झाकलेले होते. त्यानंतर त्यातला एक जवान मृतावस्थेत सापडला. पत्रकारावर सरकारी गुपितांच्या, म्हणजे गोपनीयतेच्या, कायद्याखाली आणि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा लागला, २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला. कायद्याने ती सुटली, सुटायलाच हवी होती. पण प्रत्येक नव्या रिपोर्टरला मी हे सांगते, कारण जो माणूस व्यवस्थेच्या आत सगळ्यात खालच्या पायरीवर आहे त्याने आपल्याशी बोलताना किती मोठी जोखीम घेतलीय हे आपल्याला बाहेरून कळत नाही. (लष्कराच्या जागा तशाही गोपनीयतेच्या कायद्याच्या दृष्टीने धोक्याच्या, तिथे वकिलाशिवाय पाऊल नाही.)

आणि ज्याच्यावर स्टिंग आहे त्याचा चेहरा? युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१५ या एकाच वर्षात दोन निकाल दिले ते शेजारी ठेवून वाचावेत. फेब्रुवारीत स्वित्झर्लंडचं प्रकरण, पत्रकारांनी एका विमा दलालाला छुप्या कॅमेऱ्यावर घेतलं, पण दाखवताना चेहरा झाकला, आवाज बदलला, कारण बातमी त्या एकट्या माणसाची नव्हतीच, धंद्यातल्या पद्धतीची होती. तिथे त्यांना दंड झाला होता, न्यायालय म्हणालं की दंड चुकीचा, पत्रकार बरोबर. ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानचं प्रकरण, टीव्हीने एका धर्मप्रचारकाचा चेहरा तसाच उघडा दाखवला, आणि न्यायालय म्हणालं की याच्या खासगीपणाचा भंग झाला. मला यातून मिळालेली कसोटी अशी: माणूस स्वतः बातमी आहे की पद्धत बातमी आहे? मंत्री असेल, मोठा अधिकारी असेल तर चेहरा दाखवा. शंभर जण करतात ते करणारा खालचा क्लार्क असेल तर चेहरा झाकला म्हणून बातमीचं काहीही कमी होत नाही, आणि त्याच्या मुलीला उद्या शाळेत जायचंच असतं.

शूटच्या दिवशी

आदल्या दिवशी कॅमेऱ्याची तारीख-वेळ फोनशी जुळवून घ्या. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत ती चुकीची असते आणि चुकीच्या तारखेचा व्हिडिओ म्हणजे समोरच्या वकिलाला आयतं कोलीत. मेमरी कार्ड नवं, रिकामं. बिल्डिंगच्या बाहेरच रेकॉर्डिंग सुरू करा, पाटी दिसू द्या, आत जा, बाहेर येईपर्यंत बंद करू नका. मध्ये तुटलेलं फुटेज कितीही खरं असलं तरी तुटलेलंच. फोनवर वेगळा ऑडिओ चालू ठेवा कारण कपड्याच्या घासण्यात आवाज जातो. कुणीतरी बाहेर थांबलेलं हवं ज्याला माहितीय की तुम्ही किती वाजता बाहेर येणार आहात. एकटं जायचं नाही, हे जिवावरचं काम होऊ शकतं.

समोर कुणाला मारहाण व्हायला लागली तर काय करणार हे आधीच ठरवा, आत गेल्यावर डोकं चालत नाही. इंग्लंडमध्ये २०११ मध्ये बीबीसीचा एक रिपोर्टर विंटरबर्न व्ह्यू या हॉस्पिटलात पाच आठवडे कर्मचारी म्हणून राहिला, मतिमंद रुग्णांचा छळ त्याने शूट केला, ११ जणांवर गुन्हा सिद्ध झाला, ६ जण तुरुंगात गेले. तो छळ दुसऱ्या कुठल्या मार्गाने थांबला असता असं मला वाटत नाही. पण रोज समोर बघत राहायचं आणि शूट करत राहायचं, याची रेघ तुमची तुम्हाला मारावी लागते. माझी रेघ अशी की पुढच्या तासाभरात कुणाच्या जिवाला धोका दिसला तर कॅमेरा गेला खड्ड्यात, आधी मदत.

बाहेर आल्यावर गाडीत बसून लगेच लिहा, किती वाजता गेलो, कोण भेटलं, काय बोलणं झालं. प्रेस कौन्सिलच्या नियमांतही आहे की स्टिंगच्या प्रत्येक टप्प्याची त्या-त्या वेळी लेखी नोंद हवी, ज्याने रेकॉर्ड केलं त्याने ते खरं असल्याचं लिहून द्यायला हवं आणि छापायचा निर्णय संपादकाने सार्वजनिक हित तपासून घ्यायला हवा. मग कार्ड काढून पाकिटात बंद, सही, तारीख. एडिट फक्त कॉपीवर. कॉपी करतानाच हॅश व्हॅल्यू काढून ठेवा, म्हणजे फाइलचा तो लांबलचक आकडा-अक्षरांचा कोड, फाइलमध्ये एक कणही बदलला तर तो बदलतो. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे सर्टिफिकेट लागतं त्यात तो लिहावा लागतो. या सर्टिफिकेटचं महत्त्व जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० ला सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं, तिथेही प्रश्न व्हिडिओ फुटेजचाच होता. कॉपी दाखवायची तर सर्टिफिकेट पाहिजे, मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर नाही लागत. म्हणून कॅमेरा विकू नका, फॉरमॅट करू नका.

चालवायच्या आधी

समोरच्याला विचारायचं. सगळं शूट झाल्यावर, उघडपणे, आपलं नाव सांगून, काय-काय रेकॉर्ड झालंय ते सांगून, उत्तराला पुरेसा वेळ देऊन. लोक घाबरतात की तो कोर्टातून बातमीवर स्टे आणेल. आणू शकतो, खरंय. पण मी दोनदा असं पाहिलंय की उत्तरात अशी गोष्ट निघाली ज्याने अख्ख्या बातमीचा अर्थच बदलला, आणि ती आधी कळली म्हणून वाचलो. शिवाय आपल्याकडे बदनामी अजून फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात नुसतं खरं असून भागत नाही, खरं आणि लोकांच्या भल्यासाठी असं दोन्ही दाखवावं लागतं.

तासाभराचं फुटेज तीन मिनिटांचं करताना प्रश्न कापून नुसतं उत्तर ठेवायचं नाही. तो आधी दोनदा नाही म्हणाला असेल तर ते 'नाही' दिसलंच पाहिजे. ऑस्ट्रियात २०१९ मध्ये उपचान्सलरचा इबिझा बेटावर छुप्या कॅमेऱ्याने घेतलेला व्हिडिओ गाजला, त्यात सरकारच कोसळलं, तो व्हिडिओ पत्रकारांनी बनवला नव्हता, त्यांच्याकडे आला होता. तासन् तासांचं फुटेज हातात असून दोन जर्मन माध्यमांनी मिनिटांत मोजता येईल एवढंच दाखवलं, जे सार्वजनिक हिताचं होतं तेवढं. हातात असलेलं सगळं दाखवायचा मोह त्यांना झाला नसेल असं नाही.

बातमी गेल्यावर फोन बंद करून झोपू नका. त्या रात्री आणि पुढचा आठवडाभर सोर्सला रोज एक फोन, कुणी धमकावलं का, कामावरून काढलं का. वकिलाचा नंबर त्याच्याकडे पण द्या. मूळ कार्डाचं पाकीट कुठे ठेवलंय ते तुमच्याशिवाय अजून एका माणसाला माहीत पाहिजे. आणि जे फुटेज वापरलं नाही, रांगेतले लोक, पायरीवरची मुलं, कुणाचं तरी खासगी बोलणं, ते ऑफिसच्या ग्रुपवर 'बघा काय सापडलं' म्हणून टाकायचं नाही, एक क्लिप पण नाही. माझ्याकडे त्या आजीचा मूळ व्हिडिओ अजून आहे, कुलपात आहे, नातवाला सांगून ठेवलंय की कोर्टाचं काम संपलं की त्याच्यासमोर डिलीट करणार.